लंबरेषेची परंपरा : ओळंब्यापासून लीलावतीपर्यंत

देवालयात मूर्तीची प्रतिष्ठापना होण्याच्या कितीतरी आधी एका रेषेची प्रतिष्ठापना झालेली असते. ती रेषा कोणाच्या दृष्टीस पडत नाही, तिची पूजा होत नाही, तिच्या नावाने नैवेद्य चढत नाही. तरीही गर्भगृह, अंतराळ, मंडप आणि त्यापुढील प्रांगण यांना एका सूत्रात बांधून ठेवणारी तीच असते. पाया आखताना प्रथम पूर्व-पश्चिम सूत्र धरावयाचे, नंतर त्याला काटकोनात उत्तर-दक्षिण सूत्र धरावयाचे आणि मगच कुदळ जमिनीला लावावयाची, हा क्रम आपल्याकडील स्थापत्यपरंपरेला शतकानुशतके परिचित आहे. एका रेषेवर दुसरी रेषा अशी उभी करावयाची की तिचा कल ना इकडे व्हावा ना तिकडे, या साध्या भासणाऱ्या कृतीमागे मानवी बुद्धीचा दीर्घ प्रवास उभा आहे. त्या प्रवासातील भारतीय टप्प्यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

शब्दांची साक्ष

इतिहासाची साधने केवळ ताम्रपटांत आणि शिलालेखांत असतात असे नाही. ती रोजच्या बोलण्यातल्या शब्दांतही दडलेली असतात. ‘लंब’ हा शब्द लोंबणे या क्रियेपासून आला आहे. दोरीला वजन बांधून ती सोडली असता जी रेषा तयार होते ती लंब. गवंड्याच्या हातातील ओळंबा हा त्याच कुळातला. विशेष असे की, युरोपातही हीच कल्पना शब्दात उतरली. पोर्तुगीज भाषेतील ‘पर्पेंदिकुलार’ हा शब्द ज्यांनी शाळेत घोकला असेल, त्यांना त्याचे मूळ ठाऊक असावे : लॅटिन भाषेत ‘पेर्पेंदिकुलुम’ म्हणजे ओळंबाच. ग्रीक भूमितीत लंबाला जो शब्द आहे त्याचाही अर्थ ‘खाली सोडलेली’ असाच होतो. तीन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच वस्तूवरून नाव घ्यावे, याचा अर्थ उघड आहे. लंबरेषा प्रथम पंडितांच्या पाटीवर जन्मली नाही; ती बांधकाम करणाऱ्यांच्या हातात जन्मली आणि पंडितांनी तिला नंतर शास्त्रात आणून बसविले.

आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये रचलेल्या ‘आर्यभटीय’ ग्रंथाच्या गणितपादात या हातांची आठवण जपली आहे. वर्तुळ कर्कटाने काढावे, त्रिभुज आणि चतुर्भुज कर्णांच्या साहाय्याने साधावेत, जमिनीची समपातळी पाण्याने पाहावी आणि उभी दिशा ओळंब्याने पाहावी, असे तो एका श्लोकात सांगतो. त्या एका श्लोकात गवंड्याची आणि सुताराची सारी हत्यारपेटी आली आहे. पाणसळ आणि ओळंबा ही दोन साधने एकत्र का आली, हेही ध्यानी घेण्याजोगे आहे. पाण्याचा पृष्ठभाग आडवी रेषा देतो, ओळंबा उभी रेषा देतो आणि या दोहोंमधील कोन निसर्गतःच काटकोन असतो. उभ्या भिंतीसाठी एवढे पुरे. परंतु जमिनीवरच एका आडव्या रेषेला दुसरी आडवी रेषा काटकोनात काढावयाची असेल, तर ओळंबा निरुपयोगी ठरतो. तेथे बुद्धी चालवावी लागते आणि तेथूनच भूमितीला प्रारंभ होतो.

शंकू आणि प्राची

वेदी आखणाऱ्यांपुढे पहिला प्रश्न दिशेचा होता. पूर्वदिशा नक्की कोणती? सूर्य वर्षातून दोनच दिवस नेमक्या पूर्वेस उगवतो. एरवी तो उत्तरेकडे वा दक्षिणेकडे सरकलेला असतो. तेव्हा उगवत्या सूर्याकडे पाहून सूत्र धरणारा हमखास चुकणार. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात यावर जो उपाय सांगितला आहे तो असा : सपाट भूमीवर एक शंकू, म्हणजे खुंटी, उभी रोवावी, शंकूच्या उंचीएवढी दोरी घेऊन त्याच्याभोवती वर्तुळ आखावे, सकाळी शंकूच्या छायेचे टोक वर्तुळाला जेथे स्पर्श करील तेथे एक खूण करावी आणि दुपारनंतर छाया पुन्हा लांबत जाऊन जेथे वर्तुळ गाठील तेथे दुसरी खूण करावी. या दोन खुणा जोडणारी रेषा म्हणजे प्राची, अर्थात पूर्व-पश्चिम रेषा.

या कृतीचे रहस्य लंबात आहे. मध्यान्हापूर्वी आणि मध्यान्हानंतर समान काळी छाया समान लांबीची असते, म्हणून त्या दोन खुणा उत्तर-दक्षिण रेषेच्या दोन्ही बाजूंस सारख्याच अंतरावर पडतात. वर्तुळाच्या भाषेत सांगावयाचे तर त्या खुणांना जोडणारी रेषा ही वर्तुळाची जीवा होय आणि केंद्रातून, म्हणजे शंकूच्या पायातून, त्या जीवेवर टाकलेला लंब तिचे दोन समान भाग करतो. तो लंब उत्तर-दक्षिण दिशा दाखवितो. शाळेतील विद्यार्थी ज्या प्रमेयाला कंटाळतो, त्याच प्रमेयावर आपल्या पूर्वजांनी आपल्या वेद्या आणि पुढे देवालये बेतली.

प्राची मिळाल्यावर तिच्यावर काटकोनात दुसरी रेषा काढण्यासाठी एक सुंदर युक्ती प्रचारात होती. प्राचीवरील दोन बिंदूंना केंद्र मानून एकाच त्रिज्येची दोन वर्तुळे काढावयाची. ती एकमेकांना छेदतात तेथे मधोमध माशाच्या आकाराचा भाग तयार होतो. या माशाच्या मुखातून पुच्छापर्यंत जाणारी रेषा मूळ रेषेला लंब असते आणि तिला बरोबर मध्यावर छेदते. बौधायनाच्या शुल्बसूत्रात चौरस आखण्याच्या कृतीत हीच कल्पना वापरलेली आहे, तर ‘सूर्यसिद्धान्ता’त बारा अंगुळांचा शंकू रोवून दिक्साधन करताना या आकृतीला मत्स्याचेच नाव दिले आहे. पुढे ‘मयमत’ आणि ‘मानसार’ या वास्तुग्रंथांनी शंकूची पद्धत देवालयांच्या आखणीसाठी स्वीकारली. ज्योतिष्यांनी तर तिच्यातील एक सूक्ष्म दोषही हेरला. सकाळपासून दुपारपर्यंतच्या अवधीत सूर्य स्वतःही किंचित उत्तरेकडे वा दक्षिणेकडे सरकतो, म्हणून दोन खुणा अगदी काटेकोर पूर्व-पश्चिम पडत नाहीत. त्यासाठी त्यांनी दुरुस्तीचे गणित दिले. आपल्याच पूर्वजांच्या रीतीतील दोष शोधून तो सुधारण्याची ही वृत्ती पुढेही पाहावयास मिळणार आहे.

रज्जू आणि महावेदी

शुल्ब म्हणजे दोरी. बौधायन, मानव, आपस्तंब आणि कात्यायन यांची शुल्बसूत्रे ही दोरीने आखणी करण्याची शास्त्रे होत. त्यांपैकी बौधायनाचे सर्वांत प्राचीन असून त्याचा काळ सामान्यतः इ. स. पू. ८०० ते ५०० या दरम्यान मानला जातो. आयताच्या कर्णावरील चौरसाचे क्षेत्रफळ हे त्याच्या लांबीवरील आणि रुंदीवरील चौरसांच्या क्षेत्रफळांच्या बेरजेएवढे असते, हा सिद्धान्त बौधायनाने निःसंदिग्ध शब्दांत मांडला आहे. त्याचबरोबर तो ज्यांत सहज पडताळून पाहता येतो अशा आयतांच्या बाजूंच्या जोड्याही त्याने दिल्या आहेत : ३ आणि ४, १२ आणि ५, १५ आणि ८, ७ आणि २४, १२ आणि ३५, १५ आणि ३६.

हा सिद्धान्त त्यांना कशासाठी हवा होता, हे सोमयागाच्या महावेदीवरून स्पष्ट होते. महावेदीचा आकार समलंब चौकोनाचा असतो. तिची प्राची ३६ प्रक्रमांची, पश्चिमेकडील बाजू ३० प्रक्रमांची आणि पूर्वेकडील बाजू २४ प्रक्रमांची. दोन्ही बाजू प्राचीला लंब असल्या पाहिजेत आणि प्राचीने त्यांचे बरोबर दोन भाग केले पाहिजेत. आपस्तंब त्यासाठी ५४ प्रक्रमांची दोरी घ्यावयास सांगतो. प्राचीच्या दोन टोकांना खुंट्या रोवून दोरीची टोके त्यांना अडकवावयाची आणि पश्चिम टोकापासून १५ प्रक्रमांवर केलेल्या खुणेला धरून दोरी दक्षिणेकडे ताणावयाची. आता दोरीचा एक भाग १५ आणि दुसरा ३९ प्रक्रमांचा झाला. १५ चा वर्ग २२५, ३६ चा वर्ग १२९६, दोहोंची बेरीज १५२१. आणि ३९ चा वर्गही १५२१. तेव्हा पश्चिमेच्या खुंटीपाशी आपोआप काटकोन साधला. हीच दोरी उत्तरेकडे ताणली की दुसरा कोपरा मिळाला. दोरीची टोके उलटून पूर्वेच्या खुंटीपाशी तीच कृती केली आणि त्या लंबरेषेवर १२ प्रक्रमांवर खूण केली की पूर्वेकडील दोन कोपरेही निश्चित झाले. एक दोरी, दोन खुंट्या आणि दोन खुणा एवढ्याच सामग्रीवर हे सारे काम होते.

आपस्तंब एवढ्यावर थांबत नाही. या वेदीचे क्षेत्रफळ ९७२ वर्ग प्रक्रम होते, हे तो युक्तीने दाखवून देतो. पूर्वेच्या दक्षिण कोपऱ्यातून पश्चिमेच्या बाजूवर लंब टाकला की दक्षिणेकडे ३ प्रक्रम रुंदीचा आणि ३६ प्रक्रम लांबीचा काटकोन त्रिकोण वेगळा होतो. तो उचलून उलटा करून उत्तरेकडे बसविला की संपूर्ण वेदी २७ रुंद आणि ३६ लांब अशा आयतात परिणत होते. आणि २७ गुणिले ३६ म्हणजे ९७२. समलंब चौकोनाच्या क्षेत्रफळाचे जे सूत्र आज पाठ करविले जाते, त्याची उपपत्ती येथे डोळ्यांनी दिसते. शुल्बसूत्रे ही केवळ आज्ञांची यादी आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे स्थळ अवश्य पाहावे.

ही विद्या निव्वळ पोथीत राहिली असेही नाही. जर्मन पंडित थीबो यांनी इ. स. १८७५ मध्ये शुल्बसूत्रांचा परिचय आधुनिक विद्वानांना करून दिला आणि त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, इ. स. १९७५ च्या एप्रिल महिन्यात, केरळातील पांजाळ येथे नंबुद्री ब्राह्मणांनी पक्ष्याच्या आकाराची चिती रचून अग्निचयन केले. त्या विधीचे चित्रीकरणही झाले.

अभिमान आणि प्रमाण

या ठिकाणी एका गोष्टीचा निर्वाळा देणे आवश्यक आहे. बौधायनाचा सिद्धान्त युरोपात पायथागोरसच्या नावाने ओळखला जातो. पायथागोरसचा काळ इ. स. पू. सहावे शतक. यावरून हे ज्ञान येथूनच सर्वत्र गेले, असे विधान स्मरणिकांतून आणि व्याख्यानांतून वारंवार केले जाते. प्रमाणांच्या कसोटीवर ते टिकत नाही. बाबिलोनी संस्कृतीतील मातीच्या विटांवरील लेख याहूनही जुने आहेत. ‘प्लिंप्टन ३२२’ या नावाने ओळखली जाणारी, सुमारे इ. स. पू. १८०० च्या काळातील वीट अशाच संख्यात्रयींनी भरलेली आहे. इ. स. १८९४ मध्ये सिप्पर येथे सापडलेल्या आणि पुढे इस्तंबूलच्या संग्रहालयात राहिलेल्या आणखी एका विटेचा अभ्यास इ. स. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील गणितज्ञ डॅनियल मॅन्सफील्ड यांनी प्रसिद्ध केला. ती वीट शेतजमिनीच्या मोजणीची असून तिच्यावरील लंबरेषा संख्यात्रयींच्या साहाय्याने साधलेल्या आहेत, असे त्यांनी दाखविले.

तेव्हा कोणी कोणाकडून घेतले हा वाद बाजूस ठेवून, प्रत्येक समाजाने काटकोनाचे काय केले हे पाहणे अधिक फलदायी ठरते. बाबिलोन्यांनी त्याने शेते मोजली. ग्रीकांपैकी युक्लिडने इ. स. पू. ३०० च्या सुमारास त्याची व्याख्या केली : एक रेषा दुसरीवर उभी राहून शेजारचे दोन कोन समान करीत असेल, तर त्यांतील प्रत्येक कोन काटकोन आणि उभी रेषा लंब. त्या व्याख्येवर त्याने सिद्धतांचा प्रासाद उभारला. भारतीयांनी त्याने वेदी रचल्या, दिशा साधल्या आणि पुढे ग्रहगणितासारखे अवघड शास्त्र त्यावर तोलले. पूर्वजांची थोरवी सांगण्यासाठी इतरांचे श्रेय हिरावून घेण्याची गरज नाही. जे सप्रमाण आहे तेवढेच सांगितले तरी ती कमी पडत नाही.

त्रिकोणाचा लंब

यज्ञवेदीच्या प्रांगणातून लंबरेषा ज्योतिष्यांच्या पाटीवर आली तेव्हा तिचे क्षेत्र विस्तारले. त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे लंब गुणिले पायाचा निम्मा भाग, हा नियम आर्यभटाने दिला. परंतु लंब माहीत नसेल, तिन्ही बाजूच तेवढ्या ठाऊक असतील, तर काय करावयाचे? ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये लिहिलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त याचे उत्तर आहे. लंब पायाचे जे दोन तुकडे करतो त्यांना आबाधा म्हणतात. दोन बाजूंच्या वर्गांतील अंतराला पायाने भागावे, आलेला भागाकार पायात मिळवून वा पायातून वजा करून निम्मे करावे, म्हणजे आबाधा मिळतात. आणि आबाधेवरून लंब.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील उदाहरण घेऊ. त्रिकोणाच्या बाजू १३ आणि १५, पाया १४. वर्ग १६९ आणि २२५, अंतर ५६. ५६ ला १४ ने भागता ४ येतात. १४ मध्ये ४ मिळवून निम्मे केले की ९, वजा करून निम्मे केले की ५. म्हणजे आबाधा ५ आणि ९. १३ च्या वर्गातून ५ चा वर्ग वजा करता १४४ उरतात, त्याचे मूळ १२. लंब १२, क्षेत्रफळ १२ गुणिले ७, अर्थात ८४. एका लंबरेषेने अनोळखी त्रिकोणाचे दोन ओळखीचे काटकोन त्रिकोण केले, हे यातील मर्म होय.

‘लीलावती’त लंबाची अशी कितीतरी मनोरम उदाहरणे आहेत. ३२ हातांचा वेळू वाऱ्याने मोडून त्याचे टोक बुंध्यापासून १६ हातांवर टेकले, तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर १२ हात. जमिनीवर १५ आणि १० हात उंचीचे दोन वेळू उभे आहेत. प्रत्येकाच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या बुंध्यापर्यंत दोरी ताणली, तर दोन दोऱ्या एकमेकींना छेदतात त्या बिंदूपासून जमिनीवर टाकलेला लंब किती? उत्तर ६ हात. आश्चर्य हे की, दोन वेळूंमधील अंतर कितीही असो, उत्तर बदलत नाही.

चतुर्भुजाचा वाद

लंबरेषेच्या भारतीय इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग चतुर्भुजासंबंधी आहे आणि तो शेतजमीन बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने समजून घेण्यासारखा आहे. चार बाजू दिल्या असता चतुर्भुजाचे क्षेत्रफळ सांगता येईल काय? ब्रह्मगुप्ताने दोन नियम दिले. पहिला स्थूल : समोरासमोरच्या बाजूंच्या सरासरी काढून त्यांचा गुणाकार करावा. दुसरा सूक्ष्म : चारही बाजूंच्या बेरजेच्या निम्मेपटीतून प्रत्येक बाजू वजा करून, येणाऱ्या चार शेषांचा गुणाकार करावा आणि त्याचे वर्गमूळ घ्यावे.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त या नियमावर बोट ठेवले. पाया १४, मुख ९, दोन बाजू १३ आणि १२, आणि लंबही १२ असा चतुर्भुज त्यांनी घेतला. लंबाने काढलेले खरे क्षेत्रफळ : १४ आणि ९ यांच्या बेरजेचे निम्मे, गुणिले १२, म्हणजे १३८. ब्रह्मगुप्ताच्या सूक्ष्म नियमाने मात्र १९,८०० चे वर्गमूळ येते, ते १४१ ला थोडे कमी. नियम चुकला, हे उघड झाले.

तो का चुकला, याचे भास्कराचार्यांनी दिलेले कारण त्यांच्या प्रज्ञेची साक्ष देते. चतुर्भुज हा त्रिकोणासारखा ताठ नसतो. त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढले तर बाजू त्याच राहतात, परंतु एक कर्ण लांबतो, दुसरा आखडतो आणि क्षेत्रफळ बदलते. चारही बाजू २५ असलेली आकृती घ्यावी. ती चौरस असेल तर क्षेत्रफळ ६२५. तीच थोडी दाबून कर्ण ३० आणि ४० केले, तर ते ६०० होते. आणखी दाबून कर्ण १४ आणि ४८ केले, तर केवळ ३३६ उरते. समभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना नेहमी लंबच असतात, म्हणून दोन कर्णांच्या गुणाकाराचे निम्मे केले की क्षेत्रफळ मिळते. तेव्हा लंब किंवा कर्ण यांपैकी एकही न सांगता जो चतुर्भुजाचे निश्चित क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच्चच म्हणावा आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठे पिशाच्च, असा सडेतोड अभिप्राय त्यांनी दिला आहे.

हा केवळ पंडितांचा विनोद नव्हे. स्थूल नियमाने वरील तिन्ही आकृतींचे क्षेत्रफळ ६२५ च येते. म्हणजे ज्याचे शेत अरुंद आणि तिरपे, त्याच्या नावे ३३६ च्या जागी ६२५ मोजले जावयाचे. जमिनीवर सारा बसतो तो मोजलेल्या क्षेत्रफळावर; तेव्हा एक लंब न टाकल्याने कष्टकऱ्याच्या माथी जवळजवळ दुप्पट सारा बसू शकतो. लंबरेषा ही अशा रीतीने न्यायाची रेषा ठरते.

तथापि ब्रह्मगुप्तालाही न्याय दिला पाहिजे. त्याचा सूक्ष्म नियम चारही कोपरे एकाच वर्तुळावर असलेल्या चतुर्भुजाला अचूक लागू पडतो. ३, ४, ५ आणि ५, १२, १३ या दोन काटकोन त्रिकोणांच्या बाजू एकमेकांनी गुणून त्याच्या रीतीने ६०, ५२, २५ आणि ३९ बाजूंचा चतुर्भुज तयार होतो. त्याचे कर्ण ६३ आणि ५६ असून ते एकमेकांना लंब आहेत; कर्णांवरून क्षेत्रफळ १७६४ येते आणि सूक्ष्म नियमानेही १७६४ च. अशा चतुर्भुजात कर्णांच्या छेदबिंदूतून एका बाजूवर टाकलेला लंब मागे वाढविला असता समोरच्या बाजूचे बरोबर दोन भाग करतो, हे प्रमेयही ब्रह्मगुप्ताचे आणि जगभर त्याच्याच नावाने ओळखले जाणारे. नियमाची मर्यादा त्याने शब्दांत सांगितली नाही, एवढीच उणीव. केरळातील ज्येष्ठदेवाने सोळाव्या शतकात ‘युक्तिभाषा’ ग्रंथात वर्तुळस्थ चतुर्भुजासाठी या नियमाची उपपत्ती दिली आणि नऊशे वर्षांचा हा वाद मिटला. ब्रह्मगुप्ताने सांगितले, भास्कराचार्यांनी तपासले, ज्येष्ठदेवाने सिद्ध केले. परंपरा म्हणतात ती हीच. आधीच्यांच्या पायी मस्तक ठेवूनही त्यांचे गणित तपासणारी.

पाटणचा शिलालेख

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इ. स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. ‘लीलावती’ हा त्याचाच भाग मानला जातो. आपले गाव सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडवीड असल्याचे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. ते गाव नेमके कोणते यावर विद्वानांत मतभेद असले, तरी त्यांच्या घराण्याचा संबंध खानदेशातील चाळीसगावजवळच्या पाटण या स्थळाशी होता, याविषयी शंका उरत नाही. त्याचे श्रेय ज्या पुरुषाकडे जाते त्याचे नाव गोमंतकीयांना अभिमानास्पद आहे. पेडणे महालातील मांद्रे गावी जन्मलेले आणि मुंबईत धन्वंतरी व पुराणवस्तुसंशोधक म्हणून कीर्ती मिळविलेले डॉ. भाऊ दाजी लाड यांनी पाटणच्या देवीच्या देवालयातील शिलालेख इ. स. १८६५ मध्ये विद्वज्जगतापुढे आणला.

शके ११२८ च्या त्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आहे. त्यांचा पुत्र लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल याने आपल्या पदरी नेले. नातू चांगदेव हा राजा सिंघण याचा ज्योतिषी झाला. या चांगदेवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ स्थापन केला आणि तेथील निकुंभ वंशीय अधिपती सोइदेव याने त्याला दान दिले. दानाचा तपशील तत्कालीन मराठीत कोरलेला आहे. पेठेत होणाऱ्या खरेदीविक्रीवरील अल्पसा भाग आणि तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळीपळीने तेल, अशी नगराने मठाला लावून दिलेली ती नेमणूक होती. राजाने गाव द्यावे आणि पंडिताने ते उपभोगावे, एवढाच तो व्यवहार नव्हता. हाटात माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाने आणि घाणा फिरविणाऱ्या तेल्याने आपल्या मिळकतीतला अंश काढला, तेव्हा मठातील समईखाली कोणी विद्यार्थी १३, १४ आणि १५ च्या त्रिकोणावर लंब टाकीत बसला.

याच सुमारास, बाराव्या-तेराव्या शतकांत, सह्याद्रीच्या दुसऱ्या अंगाला गोमंतकात तांबडी सुर्ल येथील महादेवाचे देवालय काळ्या बेसाल्ट दगडात उभे राहिले. गर्भगृह, अंतराळ आणि खांबांचा नंदीमंडप अशी त्याची रचना असून ते पूर्वाभिमुख आहे. सूत्र धरणाऱ्या त्या शिल्पींची नावे कोणी कोरून ठेवली नाहीत. परंतु पूर्वेच्या किरणांना गाभाऱ्याकडे वाट देणारी रेषा ही त्यांचीच स्वाक्षरी होय.

पाटणच्या मठाची पुढील हकीकत शिलालेख सांगत नाही. ‘लीलावती’चा प्रवास मात्र थांबला नाही. इ. स. १५८७ मध्ये फैजीने तिचा फार्सी अनुवाद केला, इ. स. १८१६ मध्ये टेलरने मुंबईत आणि इ. स. १८१७ मध्ये कोलब्रुकने तिची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध केली आणि इ. स. १९७१ मध्ये ना. ह. फडके यांनी ‘लीलावती पुनर्दर्शन’ या ग्रंथाने ती मराठी वाचकांच्या हाती पुन्हा दिली. त्याचप्रमाणे जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या आश्रयाने जगन्नाथ सम्राटाने अरबी भाषेतून युक्लिड संस्कृतात आणला. तो ‘रेखागणित’ ग्रंथ मुंबईतच इ. स. १९०१-०२ मध्ये छापून निघाला. दोरीची भूमिती आणि सिद्धतेची भूमिती या दोन नद्यांचा संगम असा एकाच भाषेत झाला.

देवालयाचे महाजनपद हे वारसाहक्काने येते. विद्येचे तसे नाही. ती प्रत्येक पिढीने नव्याने मिळवावी लागते आणि तिच्यासाठी कोणीतरी पळीभर तेल बाजूस काढून ठेवावे लागते. जीर्णोद्धाराच्या प्रसंगी कळसाला सोन्याचा मुलामा देण्यासाठी हात सढळ होतात, हे योग्यच आहे. पाटणच्या नगरवासीयांनी मात्र सातआठ शतकांपूर्वी देवीच्या देवालयात कोरून ठेवले ते गणिताच्या अध्ययनासाठी दिलेले दान. पेठ ओस पडली, घाणे बंद झाले, राज्येही लयास गेली. तो दगड तेवढा बोलत राहिला. ज्या देवालयाच्या भिंती ओळंब्याला धरून उभ्या आहेत, त्याच्या आश्रयाने एखाद्या मुलाला लंबाचे गणित शिकण्याची सोय व्हावी, हे त्या परंपरेला साजेसेच ठरेल.